म्हातारी कोंबडी खुराड्यात जात नाही, तेव्हा

सहा वाजत आले आहेत. हे ऐकता ऐकता जरा दाराबाहेर डोकावून या. कोंबड्या आत गेल्या का सगळ्या? की एखादी अजून खुराड्याखाली घुटमळते आहे, मान वर करून दाराकडे बघते, दोन पावलं मागे जाते, पुन्हा येते? आजचं बोलणं त्या खाली राहिलेल्या कोंबडीबद्दल आहे.

आमचा बचत गट पालघर आणि बोईसरच्या मधल्या एका गावातला. बहुतेक जणी तारापूरच्या एमआयडीसीत कामाला जातात, काही जणी लोकलने पुढे जातात, दोघी-तिघी घरी राहून शेती आणि कोंबड्या बघतात. घरटी सात-आठ कोंबड्या आहेतच. त्या बाईच्या असतात. अंडी विकली, कोंबडा विकला, तर तो पैसा कुणाला विचारून खर्चावा लागत नाही. म्हणून कोंबडी गेली की नुसती कोंबडी जात नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमच्यातल्या एका काकींची लाल कोंबडी होती. सहा वर्षांची. अंडी आता क्वचित घालायची, पण खुडूक बसली की अशी बसायची की एकवीस दिवस जागची हलायची नाही. अर्ध्या गावातली पिल्लं तिच्या पंखाखालून निघालेली. गेल्या आषाढात ती खुराड्यात जाईनाशी झाली. काकी शिफ्टवरून अंधारात यायच्या आणि तिला उचलून आत ठेवायच्या. आम्ही सगळ्या हसायचो. म्हातारी झाली, चोचले वाढले, काकींच्या हातची सवय लागली. एके दिवशी कंपनीत जास्तीचं काम निघालं, काकींना दहा वाजले. खुराड्याखाली लाल पिसं पडली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही जमलो ते खरं तर सांत्वनाला. पण एकीने कमरेवर हात ठेवून त्या खुराड्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "अगो, ह्याचं दार माझ्या मांडीला लागतंय. तिने चढायचं कसं?" दार अडीच फुटांवर होतं. चढायला बांबूची शिडी, ती पावसात शेवाळून हिरवी झालेली. पायऱ्यांमधलं अंतर वीतभर. तरुण तलंगीला तेवढी शिडी लागतच नाही, ती पंख मारून थेट दारात उतरते. म्हातारीला शिडीशिवाय गत्यंतर नाही आणि शिडी अशी. ती हट्ट करत नव्हती. तिला जमत नव्हतं.

तेव्हापासून आम्ही गावातली सगळी खुराडी एकेक करून बदलली. त्यात काय चुकलं आणि काय जमलं, ते सांगतो.

आधी म्हातारपणी कोंबडीचं काय होतं ते बघू, कारण ते कळलं की मापं आपोआप सुचतात. एका अंड्याच्या कवचात दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच बनतं ते मुख्यतः रात्री, कोंबडी झोपलेली असताना. पोटात चारा नसतो, मग ती ते आपल्याच हाडांतून काढते. खाण्यातून भर पडली नाही तर वर्षानुवर्षं हे देणं चालू राहतं आणि हाडं पोकळ, ठिसूळ होत जातात. छातीच्या मधोमध जे उभं हाड हाताला लागतं, ते पहिलं दुखावतं. वरून उडी मारताना, दारात धडपडताना तिथे चीर जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. शिवाय सांधे आखडतात, नखं वाढून वाकडी होतात, पायाची पकड सुटते. आपल्या गुडघ्यांची गोष्ट सांगतोय असं वाटलं का? आम्हालाही वाटलं.

यात गिरिराज आणि वनराज कोंबड्यांचं दुखणं जास्त. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केली, वनराज हैदराबादच्या संशोधन केंद्राने. अंगाने भरतात, अंडी गावठीपेक्षा जास्त देतात, म्हणून आपल्याकडे घरोघरी आल्या. पण आपली गावठी कोंबडी सव्वा-दीड किलोची आणि ह्या दोन-अडीच किलोच्या, कधी त्याहूनही जड. पंखांना तेवढं वजन उचलत नाही. गावठी कोंबडी पाच-सहा वर्षांची झाली तरी उडी मारते, ह्या दोन-तीन वर्षांतच खाली उभ्या राहून वर बघायला लागतात. तुमच्याकडे दोन्ही असतील तर खुराड्याचं माप जड कोंबडीवरून धरा.

आणि डोळे. कोंबडीला दिवसा आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, पण अंधारून आलं की तिला फार कमी दिसतं. रातांधळीच म्हणा ना. तरुण कोंबड्या उजेड आहे तोवर पटकन जागा धरतात. म्हातारी दोनदा प्रयत्न करते, तिसऱ्यांदा करेपर्यंत अंधार होतो, मग ती आहे तिथेच बसून घेते. तिचं चढणं पाच मिनिटं लवकर झालं तर ती वाचते. एवढ्यावरच सगळं अवलंबून आहे.

आता खुराडं. पहिला विचार मनात येतो तो असा की उंची कशाला हवी, ठेवून द्या जमिनीवर. आम्हीही एका ठिकाणी तेच केलं आणि पहिल्याच मोठ्या पावसात पश्चात्ताप केला. आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भातखाचराला लागून घर असेल तर अंगणात पाणी येतंच. खालचं तूस भिजलं, दोन दिवसांत वास मारायला लागलं, कोंबड्या शिंकायला लागल्या. खुराडं उंच ठेवायची आपल्या आजी-पणजीची रीत उगाच नव्हती. पाणी, घूस, साप, सगळ्यांचा विचार त्यात होता. तेव्हा उंची पूर्ण काढायची नाही, कमी करायची. अंगणात जास्तीत जास्त पाणी कुठवर चढतं ती खूण आठवा आणि त्याच्या वर वीतभर खुराड्याची जमीन घ्या. बहुतेक घरी हे एक फुटात बसलं. अडीच फुटांचे पाय कापून एक फुटाचे केले, काम अर्ध्या दिवसाचं.

एक फूट उंचीला तीन फूट लांबीचा उतार द्यायचा. हे प्रमाण लक्षात ठेवा, एकास तीन. खुराडं खाली आणता येत नसेल, पडवीच्या भिंतीलाच बांधलेलं असेल आणि दार दोन फुटांवर असेल, तर सहा फुटांची फळी लागेल. एवढी जागा नसली तर फळीचे दोन तुकडे करून मध्ये एक चौरंगाएवढं पाट्याचं ठिकाण द्या, कोंबडी तिथे वळेल आणि दम घेईल. आम्ही एका घरी आळस करून दोन फुटांना तीन फुटांचीच फळी लावली. कोंबड्या चढल्या. उतरताना घसरल्या. चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं, हे आपल्याला जिन्यावर कळतं तसं त्यांनाही. स्वित्झर्लंडमध्ये कोंबड्यांच्या मोठ्या घरांत माळ्यांना असे उतार लावून पाहिले, त्याचा अभ्यास २०१५ साली छापून आला. कोंबड्या पडण्याचं आणि छातीचं हाड मोडण्याचं प्रमाण बरंच कमी झालं. तिथल्या कोंबड्या तरुण होत्या, हे विशेष.

फळी निदान एक फूट रुंद असू द्या. वरची कोंबडी खाली आणि खालची वर असा प्रसंग रोज येतो आणि त्यात म्हातारीलाच ढकललं जातं. फळीवर दर चार इंचांवर आडवी कामटी ठोका. कामटीचा गुळगुळीत पाठीचा भाग खाली आणि खरखरीत पोटाचा वर, नाहीतर पावसात तीच घसरगुंडी. गोणपाट लावायचा मोह होईल, उन्हाळ्यात ठीक आहे, पण पावसात ते कुजतं आणि सुटलेल्या दोऱ्यांत नखं अडकतात. फळी हलता कामा नये. एकदा डुगडुगली की म्हातारी कोंबडी पुन्हा तिच्यावर पाय ठेवत नाही. वरच्या बाजूला तारेचे दोन आकडे करून दाराच्या चौकटीत अडकवा, रात्री काढून बाजूला ठेवता येते.

ज्यांचं दार फूटभरच उंच आहे त्यांना फळीचीसुद्धा गरज नाही. मातीचा उतार करा. दोन्ही कडांना दगड लावायचे, मध्ये माती टाकून चोपण्याने चोपायची, वर मुरूम. आमच्याकडच्या वारली पाड्यावरच्या एका आजींनी हा केला आणि तो सगळ्यांत चांगला निघाला. हलत नाही, वाजत नाही, कोंबडीला ती जमीनच वाटते. पावसाळ्यात दोनदा डागडुजी लागते इतकंच. सुट्या विटा एकावर एक रचून पायऱ्या मात्र करू नका. विटा सरकतात. आणि २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे जे भूकंपाचे धक्के बसू लागले, त्यानंतर सुटं रचलेलं काहीही आम्हाला बरं वाटत नाही.

लाकडाचं काय, असं विचाराल. बोईसरच्या भंगारवाल्यांकडे कंपन्यांतून आलेली लाकडी पॅलेट मिळतात, स्वस्त आणि मजबूत. आम्हीही तीच वापरली. पण बघून घ्या. पॅलेटवर शिक्का असतो, त्यात एचटी लिहिलं असेल तर ते लाकूड नुसतं तापवून कीड मारलेलं असतं, ते चालेल. एमबी असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते नको. डाग पडलेलं, वास येणारं पॅलेट फुकट मिळालं तरी घेऊ नका. त्याच्यावरून काय नेलं होतं ते भंगारवाल्यालाही ठाऊक नसतं. निळ्या ड्रमचंही तेच. ड्रम आडवा कापला की कोंबडीला अंडी घालायला झकास जागा होते खरी, पण तो रसायनाचा असेल तर कितीही धुतला तरी विश्वास नाही. कोंबडी जिथे बसते तिथे चोच घासते, आणि ती अंडी आपल्याच पोरांच्या ताटात येतात.

दार रुंद करा. आपल्या खुराड्याचं दार बहुधा एक कोंबडी जेमतेम जाईल एवढं असतं, आणि दारात कोंबडा किंवा दांडगी कोंबडी उभी राहिली की मागच्या अडतात. कोंबड्यांमध्ये मान ठरलेला असतो, आणि म्हातारी, लंगडी कोंबडी त्या उतरंडीत खाली घसरते. सव्वा फूट रुंद दार असेल तर ती बाजूने निसटून आत जाते. दाराच्या आत तूस सांडू नये म्हणून जी पट्टी मारतो, तो उंबरा तीन-चार इंचांपेक्षा उंच नको. आमच्या एका घरी बाहेरचा उतार उत्तम झाला आणि आत सहा इंचांचा उंबरा तसाच राहिला. कोंबडी वर चढून दारातच बसायची. आठ दिवस आम्हाला कळेना.

दाराचं तोंड पश्चिमेला असलं तर मावळतीचा उजेड आत पडतो आणि कोंबड्यांना आतलं दिसतं. पण आपल्याकडे पाऊसही तिकडूनच येतो. त्यामुळे पश्चिमेचं दार करायचं तर वरचं छप्पर दीड-दोन फूट पुढे काढा. ते जमत नसेल तर दार उत्तरेला करून आत एक मंद दिवा अंधार पडायच्या सुमाराला अर्धा तास लावा. सौर कंदील चालतो. उजेड आत आणि अंधार बाहेर, की कोंबडी उजेडाकडे जाते. आमच्यातल्या कामावर जाणाऱ्यांना याचा सगळ्यांत उपयोग झाला, कारण तो दिवा शाळेतून आलेली पोरंही लावू शकतात.

आत गेल्यावर बसायची दांडी. कोंबडीला सगळ्यांत वरच्या दांडीवर बसायचं असतं, ती तिची जात. म्हणून एक उंच आणि एक खाली अशा दांड्या ठेवू नका, म्हातारी वर जायचा प्रयत्न करते आणि पडते. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर, जमिनीपासून आठ ते दहा इंच. दांडी जाड हवी, दोन इंचांची, कडा घासून गोल केलेली. बारीक बांबूवर बोटं आवळून रात्र काढावी लागते. खाली भाताचं तूस चार बोटं जाड पसरा, म्हणजे सकाळी उतरताना पाय आपटत नाहीत. अंड्यांची टोपली टांगलेली असेल तर जमिनीवर आणा.

आता राखणीचं. खुराडं खाली आलं म्हणजे चोरालाही सोपं झालं, हे विसरून चालणार नाही. काकींच्या लाल कोंबडीला मुंगसाने नेलं असं आम्ही सगळ्या म्हणत होतो. पण मुंगूस दिवसा फिरतं. रात्रीचे चोर वेगळे, रानमांजर, उदमांजर, भटकी कुत्री, घूस. षटकोनी भोकांची पातळ जाळी कुत्रं दातांनी फाडतं. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी घ्या, ती महाग पडते, पण खालच्या दोन फुटांपुरतीच लावली तरी चालते. जाळीचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा वळवा आणि त्यावर माती-दगड टाका. उकरणारं जनावर भिंतीला लागून उकरतं, जाळी लागली की सोडून देतं. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा अडकवा. आमच्या सगळ्या कामात पैसे लागले ते जाळीला आणि खिळ्यांना, बाकी घरचंच होतं.

सगळं तयार केलंत आणि कोंबडी तरी जात नाही, असं होईल. नवीन वस्तूचा कोंबडीला संशय असतो. फळी पहिले दोन दिवस जमिनीवर सपाट ठेवा, तिच्यावर तांदळाच्या कण्या टाका. चालायला लागल्या की एका टोकाखाली एक वीट, दोन दिवसांनी दुसरी, मग दाराला लावा. हाकलू नका, काठी दाखवू नका. संध्याकाळची मूठभर कणी अंगणात न टाकता खुराड्याच्या आत टाकायची सवय लावा, आणि तीही उजेड असताना. चार-पाच दिवसांत तरुण कोंबड्या शिकतात, म्हाताऱ्या त्यांच्या मागून. उचलावीच लागली तर पंखाला किंवा पायाला धरून नका उचलू. दोन्ही हात पोटाखालून घालून पंख अंगाशी दाबून धरा.

तिचे पायही बघा. पायाची खवली उचललेली, चुना लावल्यासारखी दिसत असतील तर ती खरूज आहे, बारीक किडा असतो आत. कोमट पाण्यात पाय भिजवून जुन्या ब्रशने घासा आणि खोबरेल तेल चोपडा, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. तळपायाला गाठ येऊन मध्ये काळी खपली दिसली तर घरी कापायला जाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. नखं फार वाढली असतील तर टोकं थोडी थोडी कापा, आतली रक्ताची रेघ सांभाळून. आणि खाण्यात शिंपल्यांचा चुरा. सातपाटी, चिंचणी, तारापूरच्या किनाऱ्यावर शिंपल्यांना काय तोटा? धुऊन, वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या करवंटीत ठेवा. चाऱ्यात मिसळायची गरज नाही, जिला हवं ती खाते. वाळवलेला जवळा थोडा दिला तर चांगला, पण मीठ लावलेली सुकी मासळी देऊ नका, कोंबडीला मीठ बाधतं.

एक गोष्ट मात्र म्हातारपणावर ढकलू नका. कालपर्यंत चढणारी कोंबडी आज अचानक चढेनाशी झाली, पाय लुळे पडले, मान वाकडी झाली, हिरवट पातळ विष्ठा टाकते आहे, तर तो मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा रोग असू शकतो. तिला लगेच वेगळी करा आणि दवाखान्यात कळवा. म्हातारपण हळूहळू येतं, रोग एका रात्रीत येतो. राणीखेतची लस वेळेवर टोचून घेतलेली असेल तर ही वेळ सहसा येत नाही. लसीचं आणि जातींचं कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारता येतं.

आणि इतकं करूनही एखादीला फूटभर उतारही झेपत नाही. अशीला रात्री घरात, पडवीच्या कोपऱ्यात डालग्याखाली ठेवा, खाली पेंढा घालून. तिला दांडी नको, जमिनीवरच बरं वाटतं. काकींकडे आता एक राखाडी कोंबडी आहे, लालीच्याच अंड्यातली, तिलाही पाचवं वर्ष लागलं. परवा काकींना पुन्हा उशीर झाला. आल्या त्या थेट खुराड्याकडे गेल्या, बॅटरी आत मारून मोजल्या. सातच्या सात आत होत्या, राखाडी दाराजवळच्या दांडीवर, मान पंखात घालून. सुनेने फळी काढली होती, पण कडीत खिळा घालायचा राहिला होता. तो काकींनी घातला आणि मग पाय धुवायला गेल्या.